बाबांच्या गाडीतले दिवे

प्रिय धाकट्या,

मागच्या सीटवर अख्खं लहानपण काढलेल्या माझ्या एकमेव सहप्रवाशा! कंबर कशी आहे? (ती त्या सीटच्या वर आलेल्या स्प्रिंगनेच गेली, हे माझं मत आजही ठाम आहे.) मुलांना आशीर्वाद. आता आपल्यावरच्या अन्यायाकडे वळतो. पुढची सीट कायम ताईची. तू आणि मी आयुष्यभर तिची वेणी बघत प्रवास केला. आणि आता त्याच ताईने, आपल्याला एका शब्दाने न विचारता, बाबांची गाडी विकायला काढली आहे!

गिऱ्हाईक म्हणजे तिच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांची अट एकच, डॅशबोर्डवरचे दिवे विझले पाहिजेत. सध्या ब्रेक दाबला की बॅटरीचा दिवा लागतो, वळायचा इशारा दिला की ऑइलचा मिणमिणतो, आणि हेडलाइट लावले की सगळेच एकदम लाल. (इतकी एकजूट मला माझ्या सभांमध्येही कधी साधली नाही.) इलेक्ट्रिशियनने फ्यूज बदलले, मान हलवली आणि सगळं वायरिंगच बदला म्हणाला. ताई मला म्हणाली, "तू नुसता बोल. बाबांनी एका सकाळीत शोधलं असतं." मी पेटलो!

बाबांची पद्धत आठवते ना? ते बॉनेटखाली, मी दोन वायरी जोडलेला बल्ब धरून उभा, तू पेडलांपाशी आडवा पडून हाताने ब्रेक दाबणार, आणि दिव्यांवर नजर ठेवायला अर्थातच ताई. बाबा एकेक वायर हलवून विचारायचे, "आता?" ताई न्यायाधीशासारखी निकाल द्यायची, "लागला!" आई खिडकीतून विचारायची, "जेवायला गाडीखालीच वाढू का?" बिघाडाचा आपल्याला केवढा आनंद व्हायचा! गाडी नीट असली की बाबा ऑफिसात असायचे.

परवा तसंच केलं. बल्ब सापडला, बाबांनी गुंडाळलेल्या काळ्या चिकटपट्टीसकट. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी मायनसला लावली, तर झगझगीत. दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली, तर मरगळलेला. म्हणजे अर्थिंग गेलं! बॅटरीखाली मायनसची वायर पत्र्याला जोडणाऱ्या बोल्टवर गंज चढून विजेची परतीची वाट अडली होती, म्हणून ती बिचारी दिसेल त्या दिव्यातून घुसून घरी जात होती. (यावर उत्तम भाषण झालं असतं, ताईने होऊ दिलं नाही.) बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, आवळला, ताईला इंजिन सुरू करून सगळे दिवे लावायला सांगितलं आणि ओरडलो, "आता?"

आतून ताई म्हणाली, "लागला."

मी वाकून काचेतून पाहिलं. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा नव्हता. ताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या विझलेल्या दिव्यांकडे बघत बसली होती. "परत बघ," म्हणाली. मी निमूट बॉनेटखाली गेलो. "आता?" "लागला." जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघं शोधतच होतो.

पण ताई म्हणजे दिलेल्या शब्दाची बाई. मास्तर रविवारी येणार, आणि ती मुकाट्याने किल्ली काढून देईल. मी मध्ये बोललो तर म्हणेल, मला शिकवू नकोस. म्हणून बंधो, ऊठ! मास्तरांना फोन कर आणि सांग, दिवे अजून लागतात, गाडी देता येत नाही.

तुझा,
दादा

ता. क. खोटं बोलायचं जिवावर येत असेल तर काळजी नको. मी आत्ताच जाऊन तो बोल्ट सैल करून येतो, म्हणजे तू खरंच बोलशील.

ता. क. २. जाऊन आलो. बोल्ट आधीच सैल केलेला आहे, आणि दहा नंबरचा पाना ताईच्या पर्समधून डोकावतो आहे. ती काही बोलली नाही, मीही नाही. तू मात्र बोल. आजच फोन कर.