बत्तीस नंबरचा खांदा

१२ फेब्रुवारी, मंगळवार

खांद्याची उंची एक मीटर एकोणचाळीस. गेल्या वर्षी एक्केचाळीस होती. पालखी मंडळाचा सेबेरिआनो भिंतीवरच्या पट्टीशी मला उभं करून म्हणाला, "काका, दोन बोटं खाली आलात. पाठ सरळ करा." मी म्हटलं, पाठ सरळच आहे, तुझी पट्टी वाकडी आहे. रांगेतले लोक हसले. हसू देत. चिठ्ठी मिळाली ना — गुड फ्रायडे, सकाळचा टप्पा, बाजारामागच्या चौकापासून औषधवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत, बत्तीस नंबरचा खांदा. प्रभूची पालखी, ऐंशी माणसं, त्यात एक मी. हे पन्नासावं वर्ष.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. किती वेळा संडासला गेलो, रक्त पडलं का, तेवढं लिहायचं. आज सात वेळा. रक्त थोडं. लिहिलं. उरलेलं पान माझं.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरीण लुसिलाबाई "नाही" म्हणाल्या. पालखीचं मी विचारलंच नव्हतं, डेलफिनाने सांगितलं. मुलगी आहे की पोलीस?

बाई म्हणाल्या, "आतड्याच्या आजाराने तुम्हाला रक्त पडतं. रक्तातल्या दुसऱ्या दोषाने पायात रक्ताची गाठ होते. गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. रक्त असं पातळ असताना लाकूड घासलं तर खांदा काळा पडेल. आणि गर्दीत आपटलात, डोकं फुटलं, तर मी काय करू?"

मी म्हटलं, रडू नका म्हणजे झालं.

क्रोन नावाच्या कोण्या परदेशी डॉक्टरने माझं आतडं शोधून काढलं म्हणे. त्याने शोधलं नसतं तरी मला ठाऊक होतं. आतडं रक्त सांडतं, पाय रक्त साठवतो. दोघांनी आपसात मिटवावं, मला मध्ये घेऊ नये.

रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दोन पूर्णांक चार. दोन ते तीनमध्ये हवा. बरोबर आला.

२० फेब्रुवारी

नऊ वेळा.

२४ फेब्रुवारी

टप्पा चालून पाहिला. माझ्या चालीने चार मिनिटं. पालखीच्या चालीने, थांबत, झुलत, वीस तरी लागतील. वीस मिनिटं! आतडं मला दहाचीच मुभा देतं.

वाटेवरचे संडास पाहून ठेवले. दातांचा डॉक्टर — सणाला बंद. बेकरी — मालक चांगला, पण संडास वरच्या मजल्यावर. विधवा ओतिलिया — दार रस्त्यावरच, पण आमचं तेवीस वर्षं बोलणं नाही. तिच्या नवऱ्याच्या मिरवणुकीतल्या ढोलाला मी पत्र्याचा डबा म्हणालो होतो. डबाच होता तो.

ओतिलियाशी बोलावं लागणार. हा आजार माणसाकडून काय काय करून घेतो.

१ मार्च

बोललो. ती म्हणाली, "तेवीस वर्षांनी आलास, तोही संडास मागायला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आधी ढोल बरा होता म्हण." म्हटलं. दार उघडं ठेवणार आहे.

६ मार्च, राखेचा बुधवार

डेलफिना म्हणते मी मेणासारखा पांढरा दिसतो. चर्चमध्ये शेजारणीही म्हणाल्या. आजपासून ती माकुय करते आहे. गडद हिरवा पाला, कांदा, टोमॅटो, पातळ रस्सा, चांगला शिजवून. बाळंतिणीला, पांढऱ्या पडलेल्या पोरांना, ऑपरेशन झालेल्यांना आमच्याकडे हेच देतात. रक्त भरतं. मला घेवडा चालत नाही, दूध चालत नाही, मिरची तर नावालाच. माकुय मात्र पोटात गप्प बसतो. दोन वाट्या प्यायलो.

१३ मार्च

रोज दोन वाट्या. पाच वेळा फक्त. मकारियोला सांगितलं. हा माझ्या मागचा, तेहतीस नंबर. म्हणाला, "यंदा वाटेत कुठे धावलास तर तुझं लाकूड माझ्या मानेवर येईल. मी मेलो तर पहिल्या रात्री भूत होऊन तुझे पाय ओढीन." म्हटलं, डावा ओढ. उजव्यात गाठ होती.

२२ मार्च

उजवी पोटरी जड वाटते. काही नसेल. मोजे घट्ट असतील.

२३ मार्च

मोजे काढले तरी जड. दोन्ही पोटऱ्यांना दोरी गुंडाळून पाहिली. उजवी दोन बोटं जास्त. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की चिठ्ठी गेली.

२६ मार्च

डेलफिनाने दोरी पाहिली. पुढचं लिहायला नको.

२७ मार्च, बुधवार

आकडा एक पूर्णांक दोन. पायात नवी गाठ.

लुसिलाबाई म्हणाल्या, "गोळ्या चुकवता." मी रागावलो. दोन वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही, देवाची शपथ. "मग खाण्यात काय बदललं?" म्हटलं, काही नाही. मक्याची तोर्तिया, कोंबडीचं पाणी, केळ्याची पेज. पाला कोण सांगतं? पाला म्हणजे काय खाणं झालं?

डेलफिना मध्येच अभिमानाने म्हणाली, "मी रोज दोन वाट्या माकुय देते ना, रक्त भरायला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तो हिरवा पालाच गोळीचं काम मोडतो म्हणे. गोळी पातळ करते, पाला पुन्हा घट्ट करतो. तीन आठवडे माझ्या घरात दोघांची कुस्ती चालली होती आणि मी वाडगा चाटत होतो.

डेलफिना रडायला लागली. मी बाईंना विचारलं, तुम्ही आजारी पडलात की तुमच्या आईने काय दिलं? बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "माकुय." मग माझ्या पोरीला रडवू नका, म्हटलं.

पोटात टोचायच्या सुया दिल्या. जाताना बाईंनी डेलफिनाचंही रक्त घेतलं. असला दोष घराण्यातून येतो म्हणे. आमच्या घराण्यातून फक्त नाक येतं, मी म्हटलं. अहवाल चार आठवड्यांनी.

पालखीला पुन्हा "नाही". या वेळी कागदावर लिहून, खाली शिक्का.

५ एप्रिल

पोट सुयांनी निळं, पिवळं, हिरवं. सणाला रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे घालतात, तसं. सूज उतरली.

१२ एप्रिल

आकडा दोन पूर्णांक पाच. डेलफिना म्हणते, "पापा, आकडा बरा आला म्हणजे परवानगी आली असं नाही." मला ऐकू आलं नाही.

१८ एप्रिल

जांभळा झगा इस्त्री केला. मीच केला, डेलफिनाने नाही म्हटलं. कालपासून भाताच्या पेजेशिवाय पोटात काही नाही. झग्याखाली मोठ्या माणसांचा, बाळासारखा लंगोट बांधणार. झग्याखाली काय आहे ते प्रभूला ठाऊक. बाकी कुणाला कळायची गरज नाही.

भीती वाटते का? वाटते. पडण्याची नाही. अर्ध्या वाटेत खांदा काढावा लागण्याची.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

वाहिली. पूर्ण टप्पा.

सत्तराव्या पावलाला आतडं पिळलं. ओतिलियाचं दार उजव्या हाताला, उघडं, ती उंबऱ्यात उभी. मागून मकारियो कुजबुजला, "जा, मी धरतो." म्हटलं, तूच जा. दात आवळले. बँड वाजत होता, पाय आपोआप झुलत होते. लंगोटाने त्याचं काम केलं, मी माझं. कोपऱ्यावर खांदा दुसऱ्याला दिला, मगच मागे वळून ओतिलियाकडे गेलो. तिने गरम पाणी काढून ठेवलं होतं.

खांदा वांग्याच्या रंगाचा झाला आहे. कोपरापर्यंत. आरशात तीनदा पाहिला. लुसिलाबाईंना दाखवणार आहे — बघा, जिवंत आहे. कुणाचं ऐकलं नाही आणि जिवंत आहे.

२४ एप्रिल

डेलफिनाचा अहवाल आला. तिच्या रक्तात तोच दोष आहे. माझ्याकडून. अजून गाठ नाही, पण जन्मभर सांभाळायचं, डॉक्टर सांगतील ते ऐकायचं.

जिना उतरताना तिने विचारलं, "पापा, मी ऐकायचं, की तुमच्यासारखं करायचं?"

खाली येईपर्यंत मी कठडा धरून होतो. मग म्हणालो, ऐकायचं.

ती म्हणाली, "बघू."