प्लेटवरचा शेंदूर

बाबा, आधी माफी मागते. माझं लिहिणं चुकणार, कुठली वेलांटी लहान आणि कुठली मोठी ते मला अजून कळत नाही. शाळेत सगळं हिंदीत होतं आणि ती शाळा पण मी नववीत सोडली. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतेय. मी मराठी लिहिते आणि फोन मधेच त्याचं हिंदी करून टाकतो, मग मागे जाऊन खोडायचं, परत लिहायचं. म्हणून हळू चाललंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, आरामात कर बेटा, नट आहे तो, पळून नाही जाणार.

काल मी जीपची क्लच प्लेट बदलली. घरीच, आपल्या अंगणात, जिथे तुम्ही बदलली होती त्याच जागेवर. सहा वर्षं जीप ताडपत्रीखाली पडून होती. मामा आपल्या घरी माधवगंजला आले की चहाच्या आधी ताडपत्रीला एक लाथ मारायचे. "ताई, ये कबाड भंगारवाल्याला दे ना, कशाला साप-विंचू पाळलेत?" आई चहा ठेवायला आत निघून जायची. या वेळी मात्र बोलली. म्हणाली, "एकदा किल्ल्यावर चढली तर राहील. नाही चढली तर तूच घेऊन जा." आणि मग माझ्याकडे बघितलं. मी पाटणकर बाजारात शिलाई मशीनच्या दुकानात मशिनी खोलून साफ करते, तेवढ्यावरून आईला वाटतं मला सगळं येतं. बॅटरी, टायर, ब्रेक, टाकी, असं एकेक करत दोन महिने काढले. क्लच शेवटी ठेवला. येत नव्हतं म्हणून नाही. आत काय असणार ते मला माहीत होतं म्हणून.

तुम्ही शिकवलं तसंच केलं. गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर घेतली, नुसत्या जॅकवर नाही. चारही चाकं ओढणारी गाडी, म्हणून शाफ्ट दोन काढायचे, पुढचा पण आणि मागचा पण. आत पाय ठेवायचा पत्रा काढला, दोन्ही दरवाज्यांमधून आडवा पाइप टाकला आणि त्याला दोर बांधून गियरबॉक्स लटकवला. दोर आईने धरला. पदर खोचून, ओठ घट्ट मिटून. मी खालून म्हणतेय, "धीरे, आई, धीरे," आणि ती वरून म्हणतेय, "मला नको शिकवू, तुझ्या बाबांचा पण मीच धरला होता." सगळ्यात वरचा बोल्ट तर हातालाच लागत नव्हता. तुम्ही तिथे शिव्या द्यायचा. मी नाही दिल्या, पण आठवल्या सगळ्या.

मग गियरबॉक्स मागे सरकला आणि मी टॉर्च मारला. बाबा, मी एकेक गोष्ट बघितली. तुम्ही दिवाळीनंतर उघडून बघू म्हणून जे इंजिनचं सील आणून ठेवलं होतं, ते अजून खणात आहे. तुम्हाला वाटलं होतं तेल तिथून गळलं. आतलं सील एकदम कोरडं होतं. बोल्ट सगळे सारखे कसलेले. प्लेटची बाजू बरोबर. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. प्लेट काढून उजेडात आणली तर काळी पडलेली, काचेसारखी चमकणारी, आणि रिबिटच्या खिळ्यांच्या खड्ड्यांमध्ये थोडं थोडं नारिंगी. सहा वर्षांनी पण नारिंगी.

तो माझा शेंदूर आहे.

त्या दिवशी खंडेनवमी होती. पाटावर आपली ती मूठ नसलेली तलवार, तिच्या बाजूला तुमचे पाने, हातोडी, आणि नवी क्लच प्लेट तिच्या डब्यात, झाकण उघडं. तुम्ही म्हणाला होता, "ही बाईसाहेब सोवळ्यातली आहे. हात धुतल्याशिवाय हिला शिवायचं नाही, तेलाचा एक डाग पडला की रुसून बसते." आईने कुंकवाची बोटं तलवारीला लावली, पान्यांना लावली, प्लेटच्या डब्याला बाहेरून लावलं. मला खराब वाटलं. सगळ्यांना मिळालं आणि जिच्यामुळे जीप चालणार तिलाच नाही. तुम्ही बाहेर बोल्ट ढिले करत होता, आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. मी साबणाने दोनदा हात धुतले. मग देवघरातल्या मारुतीच्या वाटीतला शेंदूर घेतला आणि प्लेटच्या दोन्ही बाजूंना गोल गोल चोळला. हात तर स्वच्छ होते ना. शेंदूर तेलातच कालवतात हे मला माहीत होतं, दर शनिवारी मीच कालवायची. पण देवाचं तेल तेल असतं असं डोक्यातच आलं नाही.

मग आईने बाहेर जाऊन दोर धरला, आणि तुमची हाक आली, "बेटा, प्लेट आण." तेव्हा एकदम तुमचं डागाचं बोलणं आठवलं. फ्रॉकने पुसली, जोरात पुसली, शेंदूर दिसेनासा झाला. तुम्ही जीपखाली पाठीवर झोपलेले, एक हात बाहेर काढलेला. मी त्या हातात प्लेट दिली. तुम्ही विचारलं, "हात धुतले?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणाला, "शाब्बास." बघितलं पण नाही, नुसती चढवून टाकली. मी दिली होती म्हणून.

दसऱ्याला आपण सगळे सोनं घेऊन किल्ल्यावर निघालो. तुम्ही, आई, मी, मामा-मामी. उरवाईच्या चढावर, दगडातल्या मोठ्या मूर्ती लागतात तिथे, इंजिन ओरडायला लागलं आणि जीप जागची हलेना. जळका वास. मागे हॉर्नवर हॉर्न. मामांनी उतरून चाकामागे दगड लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, अब आप स्टूल लेके बैठो, सायकलीत हवा भरा करो!" मामी हसली, मागचा स्कूटरवाला हसला, तुम्ही पण हसलात. मग तुम्ही आपल्या हातांकडे बघितलंत, दोन्ही, उलटे करून, सुलटे करून. म्हणाला, "माझाच हात गेला बहुतेक." माझ्या मुठीत सोन्याची पानं होती, त्यांचा चुरा झाला होता. आईने विचारलं, "काय गं, घाबरलीस?" मी मान हलवली. तेव्हा नुसतं बोलायचं होतं. दोन शब्द.

तुम्ही ताडपत्री टाकली. गॅरेजमध्ये क्लचचं काम आलं की दुसऱ्याला बोलवायला लागलात, "एकदा तू पण बघून घे रे." हे मी डबा द्यायला आले तेव्हा माझ्या कानाने ऐकलंय. ज्या माणसाला आपल्या लष्कर भागातले सगळे गाडी दाखवायला यायचे, तो दुसऱ्याला बघून घे म्हणत होता. आणि त्याच थंडीत, दिवाळी होऊन महिना नाही झाला, तुम्ही सकाळी दाढी करता करता खाली बसलात आणि परत उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले हार्ट. मी रोज रात्री म्हणायची उद्या सांगीन. मग उद्या सांगायला कोणी राहिलंच नाही.

तेव्हापासून माझं बोलणंच कमी झालं. शाळेत सर विचारायचे, उत्तर येत असायचं, तोंडातून निघायचं नाही, पोरी हसायच्या. मामा मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला किल्ल्याची गोष्ट सांगतात. वाईट मनाने नाही, त्यांना गोष्टी सांगायला आवडतं. "आमचे भाऊजी, इतके मोठे मिस्त्री, पण शेवटी शेवटी हाथ में वो बात नहीं रही थी." मी पंगतीत वाढत असते, वाढत राहते.

काल नवी प्लेट बसवताना चार वेळा हात धुतले. तुमचा तो जुन्या शाफ्टचा तुकडा आईच्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेला सापडला, त्यानेच प्लेट मधोमध धरली. आईने कुंकू आणलं तर मी म्हटलं, "बाहेर लाव, बंपरला." ती म्हणाली, "एवढं काय ओरडायचं?"

आज सकाळी मी चालवली. लायसन झालंय माझं. आई पुढे, मामा मागे, माझ्या सीटखाली पेपरात गुंडाळलेली जुनी प्लेट. ती मी दाखवायलाच आणली होती. पक्कं ठरवलं होतं, वर पोचलं की काढायची, नारिंगी दाखवायचं आणि म्हणायचं, मामा, हे मी केलं, बाबांचा हात बरोबर होता. उरवाईच्या चढावर जीप अशी चढली बाबा, जसं काहीच झालं नव्हतं. त्या मूर्तींपाशी मी मुद्दाम थांबवली, चढावरच, आणि परत उचलली. जरा पण मागे नाही सरकली. वर पोचल्यावर मामांनी बोनेटवर थाप मारली. "मान गए! भाऊजींना जे जमलं नाही ते पोरीने करून दाखवलं!" आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो ना."

माझा हात सीटखाली होता. पेपर हाताला लागत होता.

मी नाही काढली. उलट आता ती गोष्ट आणखी पक्की झाली, पुढच्या लग्नात मामा ती माझ्या नावासकट सांगतील. म्हणजे मी तुम्हाला दुसऱ्यांदा खाली पाडलं, आणि या वेळी तर मी बारा वर्षांची पोर पण नाही राहिले. हे तुम्हाला पाठवणार तरी कुठे? तुमचा नंबर आता कोणा दुसऱ्याला मिळालाय, त्या नंबरच्या फोटोत नवरा-नवरी आहेत. तरी एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर ही पण राहील. मामा तसं म्हणाले ना, तेव्हा मी हसले. मला बरं वाटलं होतं.

थांबा, आई खालून ओरडतेय. नळाला पाणी आलंय, आज आपल्या गल्लीची पाण्याची पाळी नसताना.