चौसष्ट अंश

पनवेल,
शुक्रवार, २३ ऑक्टोबर १९६४

प्रिय मालू,

हे पत्र गावाकडे निघालेल्या तुळशीरामच्या हाती देतोय. पोस्टात टाकलं तर सोमवारच्या आत जासईला पोचायचं नाही. तो दारात येईल तेव्हा आई समोर असेल, तर चुलीकडे जा आणि एकटीनं वाच. तुझं पत्र परवा मिळालं. पत्र कसलं, हजामतच केलीस माझी! ‘माझ्या भावावर खोटेपणाचा आळ आलाय, आनि तुमी तिथं पाने-पक्कड घेऊन माश्या मारताय?’ असं लिहिलंस. सातवी फायनल झालेल्या बाईशी लग्न केलं की अशी पत्रं येणारच, कोणाला सांगू? वाचून आधी डोकं तडकलं. उत्तर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. हा तिसरा. राग तुझ्यावर नाही, असं म्हणवत नाही. पण तो कशाचा आहे ते सगळं वाचल्यावर तुला कळेल, म्हणून मधूनच पत्र टाकून देऊ नकोस.

तुला गावात बसून अर्धवट कळलंय, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दसऱ्याच्या सुट्टीत लशीच्या खोलीला साहेबांनी सील लावलं होतं. आत सापाच्या विषावरच्या औषधाच्या बाटल्या होत्या. भातकापणी तोंडावर आलीय, कुलाबा जिल्ह्यातल्या दवाखान्यांना जायचा माल तो. खोली चौसष्ट अंश फॅरनहाइटवर ठेवायची, सत्तरच्या वर गेली की औषध बाद. सुट्टीत प्लांटवर तुझा बळीदादा एकटाच होता. दर तासाला जायचं, दाराच्या काचेतून भिंतीवरच्या तापमान दाखवणाऱ्या पेटीचा काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम. दादानं लिहिलं, चौसष्ट. पुढच्या तासाला चौसष्ट. दिवसभर चौसष्ट. गेल्या शुक्रवारी सकाळी सबनीस साहेबांनी सील तोडलं, तर बाटल्यांच्या रॅकवरचा, काचेतून न दिसणारा पारा ऐंशीवर! सगळा माल फेकायला लागला. साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, हा माणूस खोलीकडे फिरकलाच नाही, खुर्चीत बसून आकडे लिहिलेत. बारा वर्षं एकदाही उशिरा न आलेल्या माणसाला त्यांनी गेटबाहेर उभं केलं. सोमवारी चौकशी आहे, आणि त्या चौकशीत फिटर म्हणून माझा अहवाल वाचला जाणार आहे.

माझा अहवाल म्हणजे काय, ते कळायला तुला ती भानगड पुन्हा ऐकावी लागेल. तीनदा समजावलीय आणि तिन्ही वेळा तू जांभई दिलीस. गच्चीवरचं मोठं यंत्र थंड हवा करतं आणि पत्र्याच्या बोगद्यातून चारही खोल्यांना पाठवतं. यंत्र कमी-जास्त होत नाही, हवा कमी-जास्त होते. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी एक झडप आहे. भिंतीवरच्या पेटीला खोली तापलीय असं वाटलं की ती तांब्याच्या बारीक नळीतून झडपेला निरोप धाडते, झडप उघडते. खोली गार झाली की झडप मिटते. म्हणजे खोली राखते ती पेटी. गच्चीवरचं ते धूड नुसतं फुंकर घालणारं. आता खोली तापली, पण पेटीचा काटा चौसष्टवरच राहिला. मग एक तर या साखळीत कुठे तरी बिघाड, नाही तर दादा खोटा. तिसरं काही साहेबांना दिसत नव्हतं. खरं सांगतो, मलाही दिसत नव्हतं.

बिघाड शोधायला मी शनिवारी लागलो. पंख्याचा पट्टा सैल असेल म्हटलं, तो ताठ निघाला. गाळणी तुंबली असेल, तर गाळणी स्वच्छ. झडपेची बिजागरी गंजून अडकली असेल म्हणून बोगद्यात अर्धा आत शिरलो, कोपर सोलून घेतलं, आणि झडप बोटानं ढकलली तर लोण्यासारखी फिरली. नळीला गळती असेल म्हणून जोडाजोडाला साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा येतो का बघत बसलो. एवढासा बुडबुडा दिसला असता तर मी तिथे नाचलो असतो, मालू! पण नाही. पेटी उतरवून तपासली, पुन्हा लावली, बर्फ दाखवला, गरम फडकं दाखवलं. शहाण्या लेकरासारखी ती दर वेळी बरोबर उत्तर देत होती. एरवी यंत्र धडधाकट निघालं की मला बरं वाटतं. या खेपेला एकेक तपासणी नीट निघायची आणि मी तीच पुन्हा करायचो, कारण यंत्र जेवढं निर्दोष तेवढा दादा दोषी. सबनीस साहेब रोज दारात येऊन विचारत, काय आनंदा, मेव्हण्यासाठी काही सापडतंय का? त्यांच्या तोंडावर पाना फेकावासा वाटायचा. बुधवारी तर ते म्हणाले, आता लिहून टाक ना बाबा, यंत्रात दोष नाही म्हणून.

आणि तुला काय वाटलं, मला दादाची पर्वा नाही? मिठागरात पाट्या वाहत होतो मी. पायांच्या भेगांत मीठ शिरून रडायची पाळी यायची. तिथून दादानं मला उचललं, हातात पाना दिला, आणि चार वर्षांनी बहीणही दिली. पहिल्याच महिन्यात मी एकदा न बघताच वहीत आकडा टाकला होता. दादानं तो खोडला नाही. मला हाताला धरून तापमापकापाशी नेलं आणि म्हणाला, ‘ह्यो आकडा तुजा नाय, खोलीचा हाय. खोलीच्या तोंडात तू आपलं बोलनं घालू नको.’ असला माणूस दिवसभर खुर्चीत बसून चौसष्ट लिहील? पण सहा दिवस तपासून हाती काही लागलं नाही, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली. सणाचा दिवस होता, एकटाच होता, लागला असेल डोळा, असं मी मनात म्हटलं. हे तुला लिहायला लाज वाटते, पण म्हटलं खरं.

काल दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा त्या खोलीत गेलो. आता ती रिकामीच आहे. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पेटीसमोर नुसता उभा राहिलो. तेव्हा, इतके दिवस नुसत्या आतल्या भागांकडे बघताना सुटलेलं, पेटीच्या जाळीत काही तरी अडकलेलं दिसलं. चिमट्यानं ओढून काढलं, तर भाताची लोंबी, कुसळासकट. पेटीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट, पुसलेलं, पण कडेला राहिलेलं. आणि खालच्या फळीवर पाण्याचा गोल डाग, तांब्याच्या बुडाएवढा. मालू, आपल्या पनवेलच्या कारखान्यात गुजराथी आहेत, घाटावरचे आहेत, कोकणातले आहेत. खंडेनवमीला यंत्राला झेंडू सगळेच घालतात. झेंडूत नव्या भाताच्या लोंब्या गुंफून हार करणारं त्या खोलीत एकच माणूस काम करतं, ते तू.

मग सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. गच्चीवरच्या यंत्राला हार, पंपाला हार, साहेबांच्या मोटारीलाही हार, आणि खोली राखणाऱ्या पेटीला काहीच नाही, हे तुला बघवलं नाही. म्हणजे जांभया देत होतीस, पण ऐकत होतीस गं! यंत्राच्या वाऱ्यानं फुलं सुकतात, हे तुला माहीत, म्हणून हाराखाली पेटीवर, काटा उघडा ठेवून, ओलं फडकं गुंडाळलंस आणि त्याचं टोक खालच्या तांब्यातल्या पाण्यात सोडलंस. डोकं चालवलंस, पण भलत्या जागी चालवलंस. मडक्यातलं पाणी ओल्या फडक्यानं गार होतं ना, तशी ती पेटी गार झाली. तिला वाटलं खोलीच गार आहे. तिनं झडप मिटून घेतली. खोली तापत गेली आणि पेटी आपली चौसष्टवर. खात्री करायला मी माझाच रुमाल भिजवून पेटीवर टाकला, टोक डब्याच्या झाकणातल्या पाण्यात सोडलं आणि बसून राहिलो. काटा आधी खाली गेला. झडप मिटल्याचा आवाज झाला. दोन तासांनी पेटीचा काटा चौसष्टवर होता आणि रॅकवरचा पारा अठ्ठ्याहत्तरवर. बिघाड सापडला होता, आणि तो सापडला नसता तर बरं, असं मला वाटत होतं.

लशीच्या खोलीत फूल-पान न्यायचं नाही, ही जूनमधली नोटीस तिथे काम करणाऱ्या बायकांना कोणी वाचून दाखवली होती? तूच ना? अगं, मग! पण थांब, तुझ्यावर सगळं ढकलत नाही. सुट्टी व्हायच्या आत तू ते उतरवणार होतीस, हे मला न सांगता कळतं. आई पडली, मांडीचं हाड मोडलं, असा निरोप आला, आणि गेटवरून हाका मारमारून तुला बाहेर ओढणारा मीच होतो. ‘चल, चल, एसटी चुकेल!’ तू म्हणालीस, एक मिनिट, आत काही तरी राहिलंय. मी म्हटलं, राहू दे, चप्पल का सोनं? हे मला काल त्या खोलीत बसल्यावर आठवलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

तिथून तसाच दादाच्या खोलीवर गेलो. तो दारात बसून कोयत्याला मूठ बसवत होता. लोंबी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती बघितली आणि कोयता खाली ठेवला. म्हणाला, ‘लय दिवस लावलंस रे, फिटर.’ मालू, त्याला शुक्रवारपासून ठाऊक होतं! दसऱ्याला काचेतून त्याला हार दिसला होता, पण दाराला सील. सणाचा हार आहे, राहू दे, असं त्याला वाटलं. शुक्रवारी दार उघडल्यावर गरम हवा तोंडावर आली आणि त्याला कळून चुकलं. सबनीस साहेब धावले बाटल्यांकडे, दादा गेला पेटीकडे. हार, फडकं, तांब्या, सगळं उतरवून पिशवीत घातलं. लोंब्या कोणाच्या हे त्याला विचारावं लागलं नाही, त्या त्याच्याच शेतातल्या. मी ओरडलो त्याच्यावर, आजवर कधी ओरडलो नव्हतो. तो शांतपणे म्हणाला, ‘मालूनं कबूल क्येलं तं ती जाईल, आन् हार बगून गप बसलो म्हनून मी बी जाईन. एकाचीच जाऊ दे. आयेला दोगांचं ऐकवनार नाय.’ मी म्हटलं, नोकरी जाईल ती जाईल, पण तुम्ही खोटारडे म्हणून जाल. त्यावर त्यानं कोयता पुन्हा उचलला. मग एवढंच म्हणाला, ‘आकडं मी डोल्यांनी बगून लिवलं. तुला ठावं हाय ना? बस झालं.’ आणि माझ्याकडून आईची शपथ घेतली, की मालूला यातलं अक्षर कळू देणार नाही.

ती शपथ मी आत्ता मोडतोय. आई अंथरुणाला खिळलेली असताना मोडतोय. पाप लागलं तर मला लागो. अहवाल मी लिहून ठेवलाय: यंत्रात दोष नाही, वहीतले आकडे खरे आहेत, पेटीवर ओलं फडकं होतं. फडकं कोणी ठेवलं, हे साहेब पहिल्यांदा विचारतील. मी ‘मी ठेवलं’ म्हणेन, असा विचार काल केला होता, पण आत माल असताना त्या खोलीत मला पाऊल ठेवायची परवानगी नसते, हे गेटवरचा शिपाईही सांगेल. दादा ‘मी’ म्हणेल, आणि मग साहेब म्हणतील, स्वतःच फडकं ठेवून स्वतःच चौसष्ट लिहीत बसला, म्हणजे लबाडच. तुझं नाव मी घेणार नाही. दादा तर जीव गेला तरी घेणार नाही. सोमवारी सकाळी सातची एसटी साडेआठपर्यंत पनवेलला येते, चौकशी दहाला आहे. आईजवळ भामाकाकीला बसव. तू आली नाहीस तर मी तुला एका शब्दानं विचारणार नाही, या घरात तो विषय निघणार नाही. पण आलीस, तर सबनीस साहेबांच्या टेबलापुढे उभी राहा आणि सगळ्यांसमोर सांग, की माझ्या भावानं लिहिलेला एकेक आकडा खरा होता. दोघांच्या नोकऱ्या गेल्या तरी चालतील, मिठागरं आहेत, माझे पाय अजून धड आहेत. मी साडेआठला स्टँडवर उभा राहतो.

तुझाच, आणि दादाचाही,
आनंदा