आत्याच्या रेसच्या सायकलला जाड टायर

ती. आत्या हिस,

साष्टांग नमस्कार (तुझ्या भाचीची पाठ आठवडाभर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरूनच). गुडघा काय म्हणतो? व्यायाम करतेस, की शिकवायला येणाऱ्या बाईंना गप्पांत गुंडाळतेस? तुझी सायकल सुखरूप आहे. हे आधीच सांगते, कारण एक स्क्रू जरी बदलला तरी सायकल परत नेईन, ही तुझी अट मी विसरलेले नाही. आणि ती मला परत करायची नाही. चाळिशीत पहिल्यांदा मला कामावर जाणं आवडायला लागलंय.

झालं असं, की दवाखान्याकडे जाणारा कालव्याकाठचा डांबरी रस्ता उखडून तिथे खडी पसरली आहे. तुझे टायर जेमतेम एकवीस मिलिमीटरचे. पहिल्या दिवशी दातांच्या डॉक्टरचेच दात वाजले, दुसऱ्या दिवशी मागचं चाक बसलं. तेव्हा मला कळलं, की या टायरच्या पोटात ट्यूब चक्क शिवून टाकलेली असते आणि ते सगळं वेटोळं रिमवर गोंदाने चिकटवतात. पंक्चर काढायचं तर टायर सोलायचा, टाके उसवायचे, ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं. आता टाके म्हटल्यावर माझ्यासारखीने मागे का हटावं? (अक्कलदाढा काढून रोज कुणाला ना कुणाला शिवतेच.) वाकडी सुई घेतली, दवाखान्यातलाच दोरा घेतला आणि दुपारच्या सुट्टीत चौदा सुबक टाके घातले. हवा भरली तर चार ठिकाणांहून फुस्स. तेवढे टाके मी ट्यूबसकट घातले होते. हिरडीखाली ट्यूब नसते, ही केवढी सोय आहे हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग जाड टायरची चौकशी सुरू केली आणि त्या विषयाने मला नादीच लावलं. सायकलवाल्याने (सगळे त्याला उस्ताद म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो) सांगितलं, की जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, मग खडी अंगाला लागत नाही. पण तुझ्या फ्रेममध्ये जागा किती? हिरड्यांची खोली मोजायची खुणांची काडी घेऊन मी ब्रेकखाली, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, मागच्या नळ्यांमध्ये सगळीकडे मोजून आले. तीस मिलिमीटरचा बसेल असं निघालं. (उस्ताद नाही म्हणाला, पण त्याच्याकडे काडी नव्हती.) नुसता घालून बघितला तर ब्रेकमधून अलगद गेलासुद्धा. हवा भरल्यावर मात्र असा फुगून बसला की चाक फिरेना आणि निघेनाही. जागा मी नीट मोजली होती, पण टायर मोजला होता तो रिकामा. उस्तादने फक्त हवा सोडली.

शेवटी अठ्ठावीसवर ठरलं. हवा भरूनही दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर मोकळा राहतो. उस्तादच्या सायकलला तसलेच आहेत, तिच्यावर बसून कालव्यापर्यंत जाऊन आले. खडी तीच, पण दात जागच्या जागी. तरीही तुझी परवानगी आल्याशिवाय मी गोंदाची डबी उघडणार नाही. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी (निदान हे पत्र वाचायला घेईपर्यंत तरी)
भाची

ता. क. तुझा टायर उसवला तेव्हा आत अकरा ठिगळं सापडली, आणि तीन रंगांच्या भरतकामाच्या दोऱ्याचे टाके. बाबा मात्र अजून ऐकवतात, की माझ्या बहिणीची सायकल आयुष्यात एकदाही पंक्चर झाली नाही. एवढ्या टाक्यांत तुझी सुई एकदाही ट्यूबला लागलेली नाही. आत्या, आठ दिवस राहायला ये आणि मला तसं शिवायला शिकव. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसले होते.

आणखी एक. गोंदाच्या डबीबद्दल वर लिहिलंय ते मंगळवारपर्यंत खरं होतं. ठिगळांबद्दल बाबांना अजून काही बोललेले नाही. सायकल माझ्याकडे राहिली तर बोलणारही नाही.