सत्त्याहत्तर इंच

३ फेब्रुवारी, सोमवार

छोटाच का?

काल लेकाचा फोन होता. मी त्याला सांगितलं की संगणक बदलावा लागणार. श्राव्य ग्रंथालयाच्या ताईंचं पत्र आलंय. "तुमचं वाचन छानच, पण मागे सतत घुं घुं येतं. आमच्या अंध श्रोत्यांना आधी तेच ऐकू येतं." खरंय. जुन्या डब्याचे पंखे आता गिरणीसारखे चालतात. अर्धं पुस्तक वाचून झालंय, ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

लेक क्षणभरही थांबला नाही. "आई, छोटंच कॅबिनेट घे. दहा-बारा लिटरचं. हँडलवालं मिळालं तर उत्तम."

लिटर! म्हटलं, पाणी भरून ठेवायचंय का त्यात? हसला नाही. माझ्या फालतू विनोदांवरही हसणारा मुलगा हा.

आणि हँडल कशाला? उचलून कुठे न्यायचाय?

४ फेब्रुवारी

जुना डबा ह्यांनी स्वतः जुळवलेला. शिलाई मशीनच्या शेजारी, भिंतीला लागून बसलाय. आडवी वीस इंच जागा खातो. तेव्हा मी कुरकुरले होते. हे म्हणाले, "जागा असू दे गं. हवा खेळली पाहिजे." मागचा एक स्क्रू हरवला तिथे माझ्या खडूचा तुकडा खोचलाय. अजून तसाच आहे. बटण दाबलं की आधी एक खर्रर्र येते, मग चालू होतो. तीन वर्षं झाली, तरी त्या खर्ररवर मान वर होतेच. हे घसा खाकरून आत येताहेत असं वाटतं.

येत नाहीत. मग मी वाचायला घेते.

६ फेब्रुवारी

दोन दिवस नुसतं वाचतेय. शाळा सातवीत सुटली, पण कपड्यांचे खाके कापायला आणलेलं वर्तमानपत्र आधी वाचून मगच कात्री लावायची, ही सवय. त्यामुळे काहीही वाचून उलगडता येतं — वेळ लागतो एवढंच.

तर असं आहे. चिप तापते. तिच्या डोक्यावर पत्र्यांचा एक ठोकळा आणि पंखा बसवतात, त्याला कूलर म्हणतात. डबा बारीक असला तर कूलर बुटका घ्यावा लागतो. बुटक्याचा पंखा लहान, म्हणून गरगर जास्त, म्हणून आवाज जास्त. उंच कूलरचा पंखा मोठा आणि निवांत.

म्हणजे छोटा डबा घेतला तर घुं घुं जाऊन चीं चीं येणार! आवाज घालवायला निघालेय आणि लेक म्हणतो छोटाच घे. त्याला हे कळत नाही? नोकरीत दिवसभर संगणकच तर करतो.

कळतं. म्हणूनच शंका येते.

९ फेब्रुवारी, रविवार

फोन. नेहमीसारखं "जेवलीस का, गुडघा कसा आहे" झालं. मग सहज विचारल्यासारखं —

"आई, खिडकीच्या भिंतीपासून मशीनपर्यंत किती जागा आहे?"

"अठ्ठावन्न इंच. मधे बाबांचा डबा आहे ना."

"तो काढला तर सत्त्याहत्तर निघतील?"

पंच्याहत्तर नाही, ऐंशी नाही. सत्त्याहत्तर! म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर निघतील. का रे?"

"काही नाही. असंच."

असंच कुणी सत्त्याहत्तर विचारत नाही. मी चाळीस वर्षं मापं घेतेय. माप कधी असंच नसतं, त्याच्यामागे एक माणूस उभा असतो.

आणखी एक. ध्वनिमुद्रणामुळे मागचे आवाज ऐकायची खोड लागलीय मला. पूर्वी त्याच्या मागे सूनबाईचा मिक्सर, टीव्ही, तिचं "आईंना नमस्कार सांग" असायचं. कित्येक रविवारी त्यातलं काही नाही, हे आज लक्षात आलं. उलट त्याचा स्वतःचाच आवाज भिंतीला लागून परत येत होता. सामान काढलेल्या खोलीत येतो तसा.

त्यांच्याकडे एक खोली रिकामी केलीय. कुणासाठी ते सांगायला नको.

१० फेब्रुवारी

पलीकडच्या मास्तरीणबाई आल्या होत्या, ब्लाउज घट्ट झाला म्हणून. ब्लाउज तोच आहे, बाई वाढल्यात. कूलर घेतेय म्हटलं तर म्हणाल्या, "अगं, फेब्रुवारीत कूलर?" समजावता समजावता चहा निवला.

मग सगळंच सांगितलं. हँडल, सत्त्याहत्तर इंच, रिकामी खोली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"घर काढायचं असलं की मापं घेतात हो. माझ्या बहिणीचं असंच केलं. आधी कपाट छोटं केलं, मग पलंग छोटा केला, मग म्हणाले, आता एवढंसं सामान, इथे एकटी कशाला राहतेस!"

"माझा लेक तसा नाही."

"तिचाही नव्हता."

आणि जाता जाता, "ब्लाउज शुक्रवारपर्यंत दे बाई, तू हललीस तर माझा राहील."

१३ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. दुकानदार टकला, माझ्याच वयाच्या आसपासचा, तरी मला काकू म्हणतो. टेप घेऊन गेले होते. मला एक डबा आवडला होता, बूट ठेवायच्या खोक्याहून थोडा मोठा. रुंदी एकशे पासष्ट मिलिमीटर. उंच कूलर एकशे पंचावन्न. दहा मिलिमीटर उरतात, झालं की! छोट्यातही उंच कूलर बसवून दाखवते म्हटलं.

दुकानदार हसला. "काकू, बोर्ड काय हवेत तरंगतो? खाली त्याचे पाय, मग बोर्ड, मग चिप, तिच्यावर कूलर. तुम्ही बाहेरचं माप घेतलंत. आतून मिळतात एकशे चाळीस."

कोटाचं माप घेतलं आणि अस्तराची जाडी धरली नाही! पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलीला ह्याच चुकीसाठी मी सबंध बाही उसवायला लावली होती. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुम्ही काय उसवणार आता?"

त्याने एकशे पस्तीसचा एक कूलर दाखवला. पंखा तळहाताहून मोठा. लावून ऐकवला — काहीच ऐकू येईना. मी म्हटलं, चालू करा. म्हणाला, चालूच आहे.

म्हणजे छोट्या डब्यातही शांतता मावते. लेकाचं खरं निघालं. ह्याने संशय कमी व्हायला हवा होता. वाढला. सगळं इतकं नीट शोधून ठेवलंय त्याने?

आणि त्या डब्याला हँडल आहे. चामड्याचं. शिवण बरी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सरळ विचारायचं ठरवलं होतं. विचारलं — "सूनबाई काय म्हणते?"

"ठीक आहे."

"दे तिला फोन."

"बाहेर गेलीय."

मागच्या रविवारीही बाहेर होती. त्याच्या आधीच्याही. हा बेत तिचा असणार, म्हणूनच माझ्याशी बोलायची हिंमत होत नाही. पोर वाईट नाही. पण तिला टापटीप आवडते, आणि मी टापटीप नाही, माझ्या केसातही दोरे असतात.

"आई, हँडलवाला घेतलास का? आतल्या खोलीत नेऊन वाचता येईल तुला. पुढच्या खोलीत कुणी असलं तरी."

"पुढच्या खोलीत कोण असणार?"

म्हणाला, कुणीतरी दार वाजवतंय.

दार वाजलं नव्हतं. मी ऐकत होते ना.

१८ फेब्रुवारी

आज वाचायला बसवेना. पुढच्या खोलीतून एक चक्कर मारली. मशीन, कटिंगचं टेबल, ह्यांचा डबा, खिडकी. इथे ह्यांनी मला अक्षरं टाइप करायला शिकवली. पहिलं पुस्तक मी वाचलं तेव्हा समोर बसून हातानेच "पुढे, पुढे" खुणा करत होते, आवाज जाऊ नये म्हणून.

मी कुठेही जाणार नाही. ह्या घरातून मला काढायचं तर मशीनसकट उचलावं लागेल, आणि मशीनला हँडल नाही.

२० फेब्रुवारी

दुकानदाराला फोन केला. "भाऊ, तो हँडलवाला नको. सगळ्यात मोठा डबा दाखवा. दोन माणसांना उचलायला लागेल असा."

"काकू, कूलर तोच ना?"

"कूलर तोच."

म्हणाला, मंगळवारी येऊन घेऊन जा.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन वाजला. उचलला नाही. दोनदा.

२५ फेब्रुवारी

दुकानात निघाले होते, तेवढ्यात एक गिऱ्हाईक गादीची खोळ शिवायला आलं. लांबी कशी धरायची ते जुन्या वहीत बघायला गेले. सोळा वर्षांपूर्वीचं पान. लेक वसतिगृहात निघाला तेव्हाचं. टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं, लिहिलंही त्यानेच. त्याचं अक्षर —

माझी उंची ७३. गादीला ४ जास्त, आई म्हणते. एकूण ७७.

सत्त्याहत्तर म्हणजे त्याची स्वतःची गादी, आणि ती त्याला इथे घालायची होती. रिकामी खोली माझ्यासाठी नव्हती केलेली. ती रिकामी झाली होती.

दुकानदाराला कळवलं, हँडलवालाच द्या. मग लेकाला फोन लावला.

"कापूस नवा भरू की जुनाच पिंजून घेऊ?"

त्याचा आवाज अजून तसाच भिंतीला लागून परत येत होता.

"जुनाच चालेल, आई."

"सूनबाई सोडून जाऊन किती दिवस झाले?"

"चार महिने."

ह्यांचा डबा स्वतः हलवला. खडूचा तुकडा काढून ठेवला. पुन्हा मोजलं — अठ्ठ्याहत्तर. लेक मावतोय.