पाणी न दिलेला हात

१० जानेवारी १९७४, गुरुवार

अमेरिकेची गाडी आली म्हणून सगळी गल्ली गोळा झाली! बघते तर पुढं लालासाहेबांची बैलजोडी आणि मागं सोलानं, जाड दोरानं, बांधलेली त्यांचीच गाडी. डावं पुढचं चाक बाहेर फेकलेलं. तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्यासारखी आली आमच्या भट्टीच्या दारात.

गाडी कधीकाळी कुणा संस्थानिकाची मोटार होती म्हणे. मागचा निम्मा भाग कापून हौदा बसवलाय, म्हणून तिला आता पिकप म्हणायचं. लालासाहेब फौजेत सोळा वर्षं ड्रायव्हर. बर्फातनं गाडी नेली, नदीतनं नेली, बंदुका चालू असताना नेली. हे सगळं आम्ही दर महिन्याला ऐकतो. आणि गावातल्या रस्त्याच्या मोरीत चाक घातलं!

आमचे मालक, म्हणजे माझे घरवाले, गाडीखाली सरपटत गेले. हातानं चाचपून बाहेर आले. म्हणाले, "हात वाकलाय."

बैलगाडीला कसा एकच आख असतो, तसं हिला नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळा लोखंडी हात. चुलीतल्या चिमट्यासारखा — दोन पाय गाडीच्या पोटाला, डोकं चाकाला. चाक वरखाली झालं की हातपण होतो. श्रीमंतांची कंबर दुखू नये म्हणून काढलेली युक्ती.

लालासाहेब म्हणाले, "सांगलीत सुटा भाग मिळंल, फिकर नॉट."

१२ जानेवारी, शनिवार

मिळाला नाही. सांगलीच्या गुंडा मिस्त्रीनं सांगितलं म्हणे, "ही गाडी बनवनारीच मेली आसतील. अजायबघरात ठिवा."

मग लालासाहेब परत आमच्या दारात. फेब्रुवारीत तासगावची द्राक्षं निघतात, मेव्हण्याच्या बागेचा माल मिरजेला रेल्वेवर पोचवायचा शब्द दिलाय. "केरबा, तूच काय ते कर गड्या."

मालक म्हणाले, "करतो की."

करतो की! जसं विळ्याला मूठ बसवायची. मी डोळे वटारले. पण कुणाला वटारते मी? त्यांना दिसायला तर पाहिजे!

इथं लिहिते, कारण हे पान कुणी वाचत नाही. मालकांना दोन वर्षं झाली, लोखंडाचा रंग दिसत नाही. माणसं दिसतात, वाट दिसते. पण भट्टीतलं लोखंड लाल झालं का पिवळं, ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, जाळाकडं बघून बघून डोळ्याचा आतला पडदा गेला, चष्म्यानं भागणार नाही. आणि रंग दिसत नाही तो लोहार कसला? कळलं तर उद्यापासून कुणी खुरपंसुद्धा टाकणार नाही दारात. मग ते रिकामे कट्ट्यावर बसतील, आणि बसले की संपले. मला माहीत आहे हा माणूस.

म्हणून मी घण मारते आणि खोकते. एकदा खोकलं तर थांबा. दोनदा खोकलं तर काढा. शेजारची दगडाबाई मला अडुळशाचा काढा आणून देते. बिचारी! दोन वर्षं तो कडू काढा पितेय मी तिच्यासमोर.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. मालकांशी सकाळपासून भांडण.

१६ जानेवारी, बुधवार

आज हात घडवला. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा आणला होता, चिवट लोखंड. वाकलेला हात समोर ठेवून सुतळीनं मापं घेतली. मालकांची बोटं मात्र अजून डोळ्यांपेक्षा शहाणी. जरा फरक असला तरी बोट थांबतं.

लालासाहेब भात्यावर बसले. फौजेतल्या गोष्टी आणि भात्याची फुंकर, दोन्ही एकाच दमात. मी सकाळपासून खोकतेय. ते म्हणाले, "वैनी, तुमाला मिरजंच्या दवाखान्यात दावाय पायजे."

मी म्हटलं, "आवं आदी तुमची गाडी दावा, मग मला."

दुपारी पाय फाकवले, डोकं बसवलं. चांगला झाला होता हात, खोटं कशाला बोलू. शेवटी परत तापवला, मी दोनदा खोकले, मालकांनी सांडशीनं उचलून पाण्याच्या डोणीत घातला. चुर्र! केवढी वाफ!

"पानी बसलं," म्हणाले. त्या आवाजावर त्यांची सगळी भिस्त. सासरे सांगायचे, पाणी दिल्याशिवाय लोहाराचं काम पुरं नाही. कुऱ्हाडीला पाणी, फाळाला पाणी, विळ्याला पाणी.

१९ जानेवारी, शनिवार

भोकं सांगलीच्या लेथवरनं पाडून आली. हात बसवला. लालासाहेब चालवायला, मालक शेजारी. टोपी घालून बसले होते! निम्मं गाव मागं.

ओढ्याच्या उतारापर्यंत गेली. मग ठाण् असा आवाज, आणि गाडी डाव्या गुडघ्यावर बसली, देवळापुढं बसावं तशी. मी पळत गेले. लालासाहेबांच्या कपाळाला टेंगूळ. मालक बाहेर फेकले गेलेले, कोपर सोलवटलेलं. बाभळीच्या बुंध्यापासून हातभर लांब डोकं.

हातभर!

घरी येईपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही. त्यानंच ते जास्त घाबरले असतील.

२० जानेवारी

गावाला विषय मिळाला. पारावरचे म्हणतात, "केरबानं हात क्येला न्हवं, हात दाकवला!" दगडाबाईनं विचारलं, "आगं, भावजींचं काय वय झालं का?" मी म्हटलं, "तुजं झालं तवा आमी इचारलं का?"

काढा मात्र प्यायले.

२३ जानेवारी, बुधवार

आज अवस, अमावास्येला भट्टी पेटवायची नाही. मालक बाजेवर तोंड फिरवून. मी तुटलेला हात घेऊन उन्हात बसले.

तुटलेलं तोंड बघितलं. खडीसाखर फोडल्यासारखं, चकचकीत दाणे. वाकलेला कुठं नाही. वाकलाच नाही मुळी — सरळ तुटला. आणि जुना अमेरिकन हात? तो एवढा मोरीत आपटला, तरी वाकला, तुटला नाही.

दुपारभर हेच डोक्यात. कुऱ्हाडीला पाणी देतो, धार टिकावी म्हणून. पण या हाताला काय लाकडं तोडायचीत? ह्यानं नुसते धक्के खायचे. मोटेच्या साखळीला कोण पाणी देतं? कुणी नाही. ती राखेत निवते आणि वीस वर्षं विहिरीत बैलांचा हिसका खाते.

एवढी साधी गोष्ट. आणि आम्ही पिढीजात लोहार! शहाण्यांचा बाजार.

२५ जानेवारी

मालकांना सांगितलं. म्हणाले, "कमानपाट्याला कंपनीनं पानी दिल्यालंच आसतंय. आपन तापवून घालवलं, तर परत नगं का द्याया?" मी म्हटलं, कंपनी देऊन पुढं आणखी काय करत असेल, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे का? म्हणाले, "पानी कमी पडलं. ह्या येळंला जास्त गरम घालू."

जास्त गरम! म्हणजे या वेळी बाभळ चुकायची नाही.

"बिनपान्याचं काम माज्या भट्टीतनं जानार न्हाई," म्हणाले. माझ्या भट्टीतनं. बरं.

२६ जानेवारी, शनिवार

लालासाहेब सकाळी बिल्ले लावून शाळेत झेंड्याला सलाम ठोकून आले आणि तसेच भात्यावर बसले. बिल्ल्यांवर ठिणग्या. दुपारी त्यांना जेवायला घरी पाठवलं, मुद्दाम.

दुसरा हात तयार झाला होता. शेवटचा ताव राहिलेला. मी भट्टीत एक जुना फाळ पण सारून ठेवला, निखाऱ्याखाली. मालकांना म्हटलं, "तुमचं कोपर सोलवटलंय. सांडशी मी धरते, तुमी बसा." बसले. बसतील असं वाटलं नव्हतं.

मग मी दोनदा खोकले. माझं मलाच हसू आलं. त्यांच्याकडं पाठ करून हात काढला आणि कोपऱ्यातल्या राखेच्या ढिगात पुरला. आणि फाळ काढून डोणीत बुडवला. चुर्र!

मालकांनी मान डोलावली. "आता बसलं बग पानी."

सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एवढी मोठी लबाडी केली. बारक्या धरत नाही मी.

३१ जानेवारी, गुरुवार

हात बसवला. ह्या वेळी मी म्हटलं, मालक नाही बसायचे, मी बसते. लालासाहेब म्हणाले, "वैनी, बायामान्सानं कशाला..." मी तोवर चढले होते. माझी लबाडी, माझंच डोकं बाभळीला लागू दे.

हौद्यात उसाच्या मोळ्या. ओढा उतरलो, चढलो. पलूसच्या रस्त्याला लागलो, सगळे खड्डे एकेक करून खाल्ले. लालासाहेबांनी मोरीतनं पण घातली, या खेपेला जाणून. हात हलला, झुकला, परत जागेवर. काही नाही झालं!

उतरले आणि तिथंच रस्त्याकडंला बसले. लोकांना वाटलं गाडी लागली.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लालासाहेबांनी द्राक्षांच्या चार खेपा केल्या. एक पेटी घरी पण पाठवली. आंबट आहेत, पण फुकट आहेत.

मालक पारावर बसतात आता. कान देऊन ऐकलं — "पान्याचा आवाज वळकाय यायला पायजे. पोरं आजकाल डोळ्यानं बगत्यात. मी कानानं बगतो." पारावरचे तोंड उघडं टाकून ऐकतात. तेच पारावरचे!

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी आज.

लालासाहेब म्हणतात, आता उजवा हातही नवा करा, जुना झिजलाय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या हाताची पिन आणायला मी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेले. लेथवाल्यानं तीन तास बसवलं. "बाई, मिस्त्रींला पाठवा, मापं तुमाला कळायची न्हाईत." मी सुतळी काढून मापं दिली. गप्प बसला. येताना एसटी बंद पडली. दिवेलागणीला घरी.

भट्टीजवळ मालक उभे, कपाळाला काजळी, तोंडभर हसू. "बग, उजवा झाला बी! लालासायेबानं घन मारला, मी भात्याच्या फुंकरा मोजून ताव वळखला. आनि पानी तर आसं बसलंय — "

डोणीजवळ हात पडलेला. गार.

मी पिशवी खाली ठेवली. हात ऐरणीवर आडवा टाकला, घण उचलला आणि मारला. एकदाच.

दोन तुकडे.

"तू घन वाकडा मारलास," म्हणाले.

उद्या लेथवर भोकं पाडली की लालासाहेब हाच हात बसवून द्राक्षं भरणार होते. मेव्हण्याची माणसं हौद्यात बसून येतात, परवा तर एक लेकुरवाळी होती. मग मी सांगितलं. डावा राखेत निवलाय. पाण्यात फाळ होता.

"म्हंजे त्यो आवाज?"

"फाळाचा."

मालक पुढं झाले. मग चाचपत ऐरणीवरचा एक तुकडा उचलला, तुटलेल्या तोंडावरनं बोट फिरवलं. तुकडा खाली ठेवला, अगदी हळू. घरात गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला माझ्याकडं उत्तर असतं.

१३ फेब्रुवारी

जेवले नाहीत. भट्टी बंद. लालासाहेब आले, "वैनी, द्राक्षं वाट बगत न्हाईत." मी म्हटलं, मालकांना ताप आहे.

१५ फेब्रुवारी

ताप अजून आहे. मीच आणलेला, मीच सांगते सगळ्यांना. भाकरी ताटात ठेवते, थोडी कमी होते. माणूस बाजेवर, तोंड भिंतीकडं. नुसतं "आवं" म्हटलं तरी खांदा आखडतो.

पंचवीसदा वाटलं, सांगायला नको होतं. मग ती हौद्यातली लेकुरवाळी डोळ्यांसमोर येते. मग वाटतं, सांगितलं तेच बरं. मग परत ताट बघते. असं चाललंय. मी स्वतःला लय हुशार समजत होते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी एकटीनंच भट्टी पेटवली. दारात खुरपी घेऊन चारपाच माणसं, आणि लालासाहेब. "केरबा कुटं हाय? उजव्या हाताचं काय झालं?"

मी ताप म्हणायला तोंड उघडलं, तर मालक मागनं आले. अंघोळ केलेली. सगळ्यांसमोर कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मला इचारू नगंस गड्या. दोन वरसं झाली, मला लोखंडाचा रंग दिसत न्हाई. डावा हात तिनं क्येलाय."

खुरपीवाले सगळे माझ्याकडं बघायला लागले. लालासाहेब आत आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"उजवा कवा न्ह्यायला यिऊ, मिस्त्री?"

मी म्हटलं, "गुरुवारी."

मालक उठून भात्यावर बसले.