मुरडलेली नाकं

प्रिय आई,

तुमच्या पर्यावरण मंडळातल्या त्या दक्षिणेकडच्या बाईने फोनवर विचारलंच, सत्तरीची म्हातारी कालच्या पोरीला आई कशी म्हणते. मी म्हटलं, इगुप्ताक हे माझ्या गेलेल्या आईचं नाव, ते हिला ठेवलंय, म्हणून ही माझी आई. तुमच्याकडे गेलेल्या माणसांचं काय करतात ते तुमचं तुम्ही बघा. माझी जीभ कशी आहे ते तुला ठाऊक आहे. गावाच्या सभागृहात ती तुझ्यावरच चालली, आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

इकडे समुद्र चांगला गोठलाय. ओव्हीदमामा सीलच्या शिकारीला जाऊन रिकाम्या हाताने आला आणि म्हणाला, "सीलनेसुद्धा आज नाक मुरडलं मला बघून." सगळे हसले. मी चहाचं भांडं विसळायला उठले.

तू सिस्टरांच्या शाळेत गेली नाहीस, बरं झालं. आम्हाला सिस्टर विचारायची, प्रार्थना पाठ झाली का? झाली असली की आम्ही भुवया उचलायचो. नसली की नाक मुरडायचो. घरी सगळे असंच बोलायचे, आम्हाला दुसरं काय येणार? मग पट्टी बसायची. "देवाने जीभ दिलीय ना? माकडांसारखी तोंडं करू नका." मी जीभ वापरायला शिकले, इतकी की पुढे दुभाषी म्हणून सरकारी नोकरी केली आणि भल्याभल्या साहेबांना गार केलं. पण ती पट्टी अजून आहे गं कुठेतरी हाताशी.

जहाजांच्या सुनावणीला वादळाने तुझं विमान अडकलं आणि तू सगळं माझ्यावर सोपवलंस. खाणवाल्यांना वसंतात, सील पिल्लं घालतात त्याच बर्फातून, जहाजं फोडत न्यायची होती. मंडळाकडून तू गावात आणलेल्या टॅब्लेटवर म्हाताऱ्यांनी नकाशात बोटाने आपल्या वाटा काढल्या, आपल्या भाषेत गोष्टी सांगितल्या. रोझली तर म्हणाली, "हे मेलं माझ्या नवऱ्यापेक्षा नीट ऐकतं." फोनवर तू मला एकच गोष्ट बजावली होतीस, "पोरी, काही झालं तरी कॅमेरा बंद करू नकोस."

मी तो बंद केला. इंटरनेट हळू होतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तितकं हळू नव्हतं. पडद्यावर मंडळाची माणसं कोट घालून बसली होती. आणि इकडे ओव्हीदमामा जमिनीवर पुठ्ठा पसरून कच्चा मासा कापत होता, रोझलीची कवळी हातात होती, आणि प्रत्येक प्रश्नाला कुणी भुवया उचलत होतं, कुणी नाक मुरडत होतं. मला वाटलं, हे लोक हसतील. माझ्याच माणसांची मला लाज वाटली, आई. मी बटण दाबलं.

मग अध्यक्षांनी विचारलं, बर्फ फोडून जहाजं नेलेली चालतील का? सगळ्या सभागृहाने नाक मुरडलं. मामाने तर असं मुरडलं की चष्मा खाली आला. मला तो नकार इतका स्वच्छ ऐकू आला की तोंडाने कुणीच काही बोललं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी, जन्मभराची दुभाषी, बाजूला बसून मान डोलावत होते. तिकडे त्यांनी लिहून घेतलं, गावाची हरकत नाही.

अहवाल आला तेव्हा वाचताक्षणी मला कळलं की हे कुणामुळे झालं. तरी तू आल्यावर सभागृहात मीच पहिली उठले. "आमच्या म्हाताऱ्यांचा आवाज खाणारी ही खेळणी कुणी मागितली होती?" असं म्हणाले. आणखीही बोलले, ते लिहवत नाही. लोक माना हलवत होते. तू फक्त म्हणालीस, "यंत्रच बंद पडलं असेल." आणि माझ्या कपात चहा ओतलास. कॅमेरा हाताने बंद केला होता हे यंत्रात दिसतं ना? तुला तेव्हाच माहीत होतं.

मागच्या आठवड्यात मी मंडळाला खरं काय ते लिहून पाठवलं. त्यावर त्या बाईचा तो फोन आला. म्हणाली, तुमचं म्हणणं आमच्या समन्वयकाशी, म्हणजे तुझ्याशी, जुळत नाही. तिने यंत्राचा बिघाड असल्याचं सही करून दिलंय. त्यांच्या नियमात यंत्राचा बिघाड असेल तर सुनावणी पुन्हा होत नाही, आणि तुझी टॅब्लेटं सगळ्या गावांतून परत मागवणार आहेत. कॅमेरा माणसाने बंद केला असं दोघींनी सांगितलं, तरच म्हाताऱ्यांना परत विचारतील. फोनवर हे तुला सांगितलं असतं तर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून उद्याच्या विमानाने हे पत्र पाठवतेय. तू मला पाठीशी घातलंस, आईने घालावं तसं. आता पुरे. तुझी सही मागे घे आणि माझं नाव सांग. गाव काय म्हणायचं ते म्हणेल, ते मी ऐकून घेईन. पण वसंतात बर्फ फुटलं, तर ओव्हीदमामासमोर बसून चहा प्यायचा कसा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझीच, अजूनही ओरडा खायच्या लायकीची लेक,
आपोलिना